गळा, छडी आणि करारपत्र

१९३९ च्या जुलै महिन्यात पुण्यात एक जगावेगळा प्रकार घडला. ‘प्रभात’च्या चित्रपटांतली आघाडीची नायिका ‘प्रभात’च्याच फाटकाशी उपोषणाला बसली. मागणी स्वराज्याची नव्हती, एखाद्या देवळाचं दार सर्वांना उघडण्याचीही नव्हती. भांडण होतं पगाराचं आणि कराराचं.

उपोषण हे हत्यार त्या काळी साऱ्या देशाच्या परिचयाचं होतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं आणि सगळ्या वर्तमानपत्रांचं लक्ष तिकडे लागलं होतं. पण महात्म्याचं हत्यार एका नटीनं हातात घ्यावं, आणि तेही आपल्या मालकांविरुद्ध, हे लोकांच्या पचनी पडणं अवघड होतं. नटीनं पडद्यावर गावं, रडावं, फार तर देवाकडे काही मागावं; कंपनीकडे हिशेब मागू नये, असाच एकंदर समज होता. ही नटी म्हणजे शांता आपटे. तोवर त्यांचा ‘कुंकू’ येऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्यांचं नाव मराठी मुलखाबाहेर पार मद्रासपर्यंत पोचलेलं होतं.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कानडी मुलखाच्या सीमेवरचं रेल्वेचं गाव. वडील स्टेशनमास्तर, आणि त्यांना स्वतःला गाण्याचा नाद. मुलीचा गळा लहानपणीच ओळखला गेला. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचं शिक्षण झालं, पुढे पुण्यात गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांतून ती गाऊ लागली. गणपतीतलं गाणं ही मोठी कठीण परीक्षा. समोर तिकीट काढून आलेले शांत रसिक नसतात, लहान मुलं रडत असतात, आरतीची वेळ झालेली असते आणि ध्वनिवर्धकाचा काही भरवसा नसतो. तिथे ज्याचा आवाज टिकतो तो कुठेही टिकतो. थोरले बंधू बाबूराव आपटे या काळापासून त्यांच्या पाठीशी होते. पुढे करारमदाराच्या गोष्टींतही त्यांचाच आधार राहिला.

सिनेमात त्यांना आणलं भालजी पेंढारकरांनी. साल १९३२. आदल्या वर्षी, १४ मार्च १९३१ ला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडद्याला वाचा फुटली. १९३२ च्या फेब्रुवारीत ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा मराठी बोलू लागला. मूकपटाच्या जमान्यात ज्या नट्यांच्या नुसत्या डोळ्यांवर लोक भाळत होते, त्यांच्यापैकी कितीजणींना तोंड उघडताच घरी जावं लागलं. कुणाचे उच्चार नीट नव्हते, कुणाला गाता येत नव्हतं. कंपन्यांना एकाएकी गाणाऱ्या मुली हव्या झाल्या. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनच्या ‘श्यामसुंदर’मध्ये भालजींनी शांता आपटे यांना राधा केलं. कृष्ण होता शाहू मोडक, अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला चौदा वर्षांचा मुलगा, जो पुढे जन्मभर पडद्यावरचा कृष्णच राहिला. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत रौप्यमहोत्सव म्हणजे अपूर्वाईच.

पण शांता आपटे खऱ्या अर्थानं घडल्या त्या ‘प्रभात’मध्ये.

कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला आली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच मालक. त्यांतले चौघे स्वतः हातानं काम करणारे कारागीर. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे त्यांनी स्टुडिओ उभारला. नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा, ना. ह. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवरून घेतलेला. त्यात शांताबाई नायकाच्या बहिणीच्या, सुमित्रेच्या भूमिकेत होत्या. या चित्रपटाचं नाव निघालं की सगळे राजगुरूच्या डोळ्यांबद्दलच बोलतात. दिग्दर्शक शांतारामबापूंनी जर्मनीहून आणलेल्या भिंगातून हिंदी आवृत्तीतल्या चंद्रमोहनचा एकच डोळा सबंध पडद्यावर पसरला, आणि प्रेक्षक दचकले. पण त्या काळच्या लोकांनी घरी नेली ती सुमित्रेची गाणी. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ती गावोगाव गेली.

या गाण्यांचे संगीतकार केशवराव भोळे. ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानं १९३३ मध्ये मराठी रंगभूमीवर जी नवी हवा आणली, तिच्यात संगीताची बाजू भोळ्यांची होती. नाट्यगीतातली तानांची आतषबाजी कमी करून शब्द आणि त्यामागची भावना पुढे आणायची, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी पियानो, व्हायोलिन, हवायन गिटार अशी वाद्यंही त्यांनी बिनदिक्कत घेतली. भोळ्यांना हवं होतं तसं गाणं शांताबाईंच्या गळ्यात होतंच, शिवाय एक जास्तीची गोष्ट होती. गाताना त्यांचं सगळं अंग गात असे. मान हलत असे, हात मोकळे फिरत, डोळे शब्दाबरोबर बदलत. आजच्या प्रेक्षकाला यात काय विशेष असं वाटेल. विशेष हे, की तोवर पडद्यावरची गाणारी बाई बहुधा एका जागी उभी राहून, मायक्रोफोनच्या दिशेनं तोंड ठेवून गात असे.

तसं उभं राहण्याला कारणही होतं. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं. आधी गाणं ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं १९३५ च्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी ‘धूपछाँव’मध्ये आणली, आणि ती सगळीकडे स्थिरावायला पुढे कितीतरी वर्षं गेली. त्याआधी चित्रीकरण चालू असतानाच नटीला प्रत्यक्ष गावं लागे. मायक्रोफोन डोक्यावर, चौकटीच्या जरा बाहेर टांगलेला. वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेतानं आडोशाला बसवलेले. कॅमेऱ्याची घरघर आवाजात उतरू नये म्हणून तो वेष्टनात गुंडाळलेला. पंखे बंद. वर प्रखर दिवे. अशात अभिनय करायचा, जागा सोडायची नाही, सूर सोडायचा नाही, आणि तबलजीची एक थाप चुकली तरी सगळं पहिल्यापासून. ‘प्रभात’चे बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत. म्हणजे हेच सगळं दुसऱ्या भाषेत पुन्हा. पडद्यावर चार मिनिटं दिसणारं गाणं हे असं अंगमेहनतीचं काम होतं, आणि पुढचं सगळं भांडण समजून घ्यायचं तर ही अंगमेहनत ध्यानात ठेवावी लागते.

आणखी एक संदर्भ. मराठी प्रेक्षकाचा कान बायकांच्या गाण्याला सरावला होता तो पुरुषांच्या गळ्यातून. बालगंधर्वांचं भामिनीचं किंवा सिंधूचं गाणं हेच स्त्रीच्या गाण्याचं परमोच्च रूप, अशी दोन पिढ्यांची श्रद्धा. १९३५ मध्ये ‘प्रभात’नं बालगंधर्वांनाच ‘धर्मात्मा’त आणलं, तेही पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून. कॅमेरा जवळ आला की शालूतला पुरुष लपत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याच स्टुडिओत एक तरुण मुलगी स्त्रीची भूमिका स्त्रीच्या देहानं आणि स्त्रीच्या आवाजात, कसलाही नाटकी नखरा न करता गात होती. हा बदल आपल्याला आज दिसतही नाही, इतका तो पुढे अंगवळणी पडला.

१९३६ च्या ‘अमरज्योति’मध्ये त्या राजकन्या नंदिनी झाल्या. नायिका मात्र दुर्गा खोटे, समुद्रावर राज्य करणारी सूड घेणारी सौदामिनी. चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. दुर्गाबाईंचा उल्लेख इथे मुद्दाम करायचा, कारण या दोघींच्या वाटा निराळ्या होत्या. दुर्गाबाई मुंबईच्या सुखवस्तू लाड सॉलिसिटरांच्या कन्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. एका कंपनीशी जन्माची गाठ न बांधता ‘प्रभात’, न्यू थिएटर्स, ईस्ट इंडिया अशी कामं त्यांनी केली. शांताबाईंना ती मोकळीक नव्हती. त्या ‘प्रभात’शी काही वर्षांच्या कराराने बांधलेल्या, महिन्याच्या पगारावर. चित्रपट धो धो चालला तरी पगार तोच. तबकड्या विकल्या गेल्या तरी तोच. बाहेर काम करायचं नाही.

मग आला ‘कुंकू’.

१९३७ चा ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. ना. ह. आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून केलेला. पोरकी नीरा मामाकडे वाढते. मामा पैशांसाठी तिचं लग्न म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लावून देतो. लग्न लागतं, वरात येते, आणि नीरा सांगते की मला हे लग्न मान्य नाही. ती घर सोडून पळत नाही, विहीर जवळ करत नाही. ती त्याच घरात राहते आणि काकासाहेबांची बायको व्हायला नकार देते. दिवसामागून दिवस.

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. पण शारदा सुटते कशी, ते पाहण्यासारखं आहे. भुजंगनाथ सगोत्र निघतो आणि लग्न मोडतं. म्हणजे मुलीची सुटका शास्त्राच्या एका कलमानं होते, आणि ते कलम पुढे करणारा कोदंड असतो. ‘शारदा’ मोठं नाटक आहे यात शंका नाही, पण त्यात शारदेला स्वतःला फारसं काही करता येत नाही. नीरेच्या बाबतीत अक्षता पडून चुकलेल्या असतात. कुणी कोदंड येत नाही. जे काय करायचं ते तिनंच.

हे करताना शांता आपटे कुठेही भाषण ठोकत नाहीत. त्या हनुवटी वर उचलतात. दारातून आत येताना थांबतात. जेवायला वाढणं, पाणी देणं, अशा साध्या गोष्टींत त्यांचा नकार दिसतो. काकासाहेबांचा मोठा मुलगा पंडित नीरेवर नजर ठेवून लगट करू पाहतो, तेव्हा ती छडी घेऊन त्याला फोडून काढते. चित्रपटगृहांत या प्रसंगाला काय दाद मिळाली असेल, त्याची कल्पना करावी.

समोर केशवराव दाते होते, हे शांताबाईंचं भाग्य आणि कसोटीही. महाराष्ट्र नाटक मंडळीपासूनचा मुरलेला नट. ‘अमृतमंथन’च्या मराठी आवृत्तीत हेच राजगुरू होते. काकासाहेबांना त्यांनी खलनायक होऊ दिलं नाही. मिशांना कलप लावणारा, आरशात स्वतःला न्याहाळणारा, लाजणारा, चिडणारा, हळूहळू शरमणारा एक माणूस त्यांनी उभा केला. घरातलं जुनं घड्याळ आणि तो आरसा ही जणू या चित्रपटातली दोन पात्रंच आहेत. शेवटी काकासाहेब स्वतःच्या हातानं नीरेचं कुंकू पुसतात, तिला मोकळं करतात आणि जगाचा निरोप घेतात. चित्रपटाचा हा शेवट आज थोडा सोयीचा वाटतो. नवऱ्याच्या मरणाशिवाय नीरेची सुटका लेखकाला आणि दिग्दर्शकाला सुचली नाही. १९३७ साली तेवढीही धिटाई कुणी दाखवली नव्हती, हेही तितकंच खरं.

‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. शांतारामांनी ते ठरवून टाळलं. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं: घड्याळाची टिकटिक, पावलं, भांडी, माणसांचे आवाज. गाण्यांनाही त्या त्या जागी निमित्त आहे. अशा चित्रपटात नटीला वाद्यमेळाच्या आड लपता येत नाही. आवाज उघडा पडतो. आणि याच चित्रपटात नीरा चक्क एक इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’. पुण्यातल्या सनातनी वाड्यात कोंडलेली मुलगी अमेरिकन कवीच्या ओळी मराठी वळणाच्या सुरात गाते, आणि ते विचित्र वाटत नाही. भोळ्यांची चाल आणि शांताबाईंचा निःशंक गळा या दोहोंचं ते श्रेय. जड बोधपर कवितेतून धीर गोळा करणारी ती मुलगी खरी वाटते.

काकासाहेबांच्या मुलीचं, सुशीलेचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. वयानं सावत्र आईहून मोठी असलेली ही मुलगी समाजकार्यकर्ती आहे आणि ती नीरेची बाजू घेते. शकुंतलाबाई रँग्लर परांजप्यांच्या कन्या, केंब्रिजला शिकलेल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करून आलेल्या, आणि पुण्यात संततिनियमनाचं काम करणाऱ्या. म्हणजे पडद्यावर जी दिसत होती, ती बाई बाहेरही तीच होती. श्रम, मोबदला, कामाचे तास या गोष्टी कायद्याच्या भाषेत कशा मांडतात हे जाणणारी एक सहकलावंत शांताबाईंना या चित्रपटात भेटली होती, हा योगायोग नजरेआड करू नये असा.

‘कुंकू’नंतर नीरा आणि शांता आपटे यांच्यातली रेघ लोकांच्या मनात पुसट झाली. ‘फिल्मइंडिया’चे बाबूराव पटेल म्हणजे त्या काळच्या चित्रपट पत्रकारितेतली सगळ्यांत तिखट लेखणी. त्यांनी काही वावगं लिहिलं म्हणून शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेल्या, असा किस्सा चित्रसृष्टीत वर्षानुवर्षं चवीनं सांगितला गेला. किश्शाला तिखटमीठ लागतंच. पण दुसऱ्या कुठल्या नटीबद्दल तो सांगितला गेला नाही.

१९३८ मध्ये दामले-फत्तेलालांचा ‘गोपाळकृष्ण’ आला. ‘प्रभात’चा पहिला मूकपट याच नावाचा होता, आता त्याचा बोलपट. संगीत मास्टर कृष्णरावांचं, कृष्णाच्या भूमिकेत किशोरवयीन राम मराठे, पुढे पंडित म्हणून गाजलेला तोच. शांता आपटे पुन्हा राधा. एका राधेनं कारकीर्द सुरू झाली होती, दुसऱ्या राधेनं ‘प्रभात’चं पर्व संपत आलं.

‘प्रभात’बद्दल लिहिणारे बहुतेक लोक एका कुटुंबाचं चित्र रंगवतात, आणि त्यात तथ्य आहे. मालक कामगारांच्या बरोबरीनं राबत. शिस्त कडक, वेळ पाळली जाई, मोठ्या नटालाही गरज पडली तर गर्दीतल्या दृश्यात उभं राहावं लागे. त्या शिस्तीतूनच ‘संत तुकाराम’सारखा चित्रपट निघाला. पण कुटुंबाच्या भाषेची एक अडचण असते. घरात पगाराची गोष्ट काढणारा कृतघ्न ठरतो. काकासाहेबांचं घरही तसं प्रेमळ माणसांचं होतं.

शांताबाईंनी ती गोष्ट काढली. पगार कापण्यावरून आणि कराराच्या अर्थावरून वाद पेटला. करार संपत आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ठरलेला मोबदला हा माझा हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही. बोलणी फिसकटली तेव्हा त्यांनी फाटकाशी बैठक मारली. उपोषण फार दिवस चाललं नाही. पण वर्तमानपत्रांतून गाजायचं ते गाजलं, थट्टाही झाली, आणि त्यानंतर शांता आपटे ‘प्रभात’मध्ये परतल्या नाहीत. त्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘माणूस’ आला, त्यातली मैना म्हणजे शांता हुबळीकर. नावाच्या सारखेपणामुळे या दोन शांतांची गल्लत आजही होते. दोघी वेगळ्या, आणि दोघींची गाणीही वेगळी.

कंपनी सोडल्यावर नटी संपते, हा त्या काळचा अनुभव. शांताबाई संपल्या नाहीत. उलट त्या अशा ठिकाणी गेल्या जिथे मराठी नटी सहसा जात नसे. १९४१ चा तमिळ ‘सावित्री’. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, सत्यवानही तेच. सावित्री शांता आपटे, आणि नारद साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. सुब्बुलक्ष्मींनी हे पुरुषपात्राचं काम पत्करलं ते ‘कल्कि’ साप्ताहिक उभं करायला भांडवल हवं होतं म्हणून. शांताबाई तमिळ शिकल्या आणि त्यांनी आपलं बोलणं-गाणं स्वतःच केलं. दुधनीच्या मुलीनं मद्रासच्या प्रेक्षकांपुढे सुब्बुलक्ष्मींच्या शेजारी उभं राहून तमिळमध्ये गावं, हे धाडस छडीच्या प्रसंगाहून कमी नाही. पुढच्याच वर्षी त्या लाहोरला पंचोलींच्या ‘जमींदार’मध्ये होत्या, संगीत गुलाम हैदर यांचं. नंतर देबकी बोस यांचा ‘आपलं घर’, हिंदीत ‘अपना घर’, त्यात पुन्हा चंद्रमोहन. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई: एका कंपनीच्या फाटकाआडून सुटलेल्या नटीचा हा नकाशा आहे.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही होती. ‘प्रभात’मध्ये भूमिकेवर महिनोन् महिने विचार होई, भोळ्यांसारखा माणूस एकेका शब्दावर तालीम घेई. मुंबईच्या नव्या धंद्यात युद्धकाळातला पैसा आला होता आणि घाईही आली होती. चाळीसच्या दशकात शांताबाईंनी बरेच चित्रपट केले, पण नीरेच्या तोडीची एकही भूमिका त्यांना मिळाली नाही. याचा दोष त्यांच्या भांडणाला देणारे पुष्कळ होते. दिग्दर्शकांना आणि लेखकांना नीरेनंतर दुसरी नीरा सुचली नाही, हा दोष मात्र फारसा कुणी मांडला नाही.

आणि गाण्याचं तंत्र बदलत होतं. १९४६ मध्ये मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’ आला, संगीत वसंत देसाईंचं. नायिका शांता आपटे, वय तीस. विनायकांच्या कंपनीत तेव्हा एक सतरा वर्षांची मुलगी पगारावर होती, छोटी कामं करणारी, घरची मोठी जबाबदारी असलेली. ‘सुभद्रा’त एक द्वंद्वगीत या दोघींनी मिळून गायलं. ती मुलगी लता मंगेशकर. स्वतः गाणारी नटी आणि दुसरीसाठी गाणारी गायिका अशा दोन युगांचे आवाज त्या एका तबकडीवर शेजारी शेजारी आहेत. तीनच वर्षांत ‘महल’ आणि ‘बरसात’ आले आणि नायिकेला गाता आलंच पाहिजे ही अट कायमची गळून पडली. ज्या गुणासाठी १९३२ मध्ये कंपन्या गावोगाव मुली शोधत होत्या, तो गुण आता नायिकेत असला काय आणि नसला काय.

जाता जाता आणखी एक गंमत. पुढे लताबाईंनी गाण्यांच्या स्वामित्वधनातल्या हिश्श्यासाठी निर्मात्यांशी आणि मोहम्मद रफींशीसुद्धा जो वाद मांडला, तो काही वर्षं गाजत राहिला. तबकडी विकली जाते तेव्हा गळ्याच्या मालकाला काय मिळतं, हा तोच प्रश्न.

त्याच १९४६ मध्ये भालजींच्या ‘वाल्मीकि’त शांताबाई पृथ्वीराज कपूरांबरोबर होत्या, नारद होता तरुण राज कपूर. १९४८ चा ‘भाग्यरेखा’ शांताराम आठवल्यांचा. ‘कुंकू’ची गाणी लिहिणारे हेच आठवले आता दिग्दर्शक झाले होते, आणि पडद्यावर पु. ल. देशपांडे होते. पन्नासच्या दशकात कामं विरळ होत गेली. काही पौराणिक चित्रपट, एखादा गुजराती. २४ फेब्रुवारी १९६४ ला आजारपणानंतर मुंबईत अंधेरीला त्यांचं निधन झालं. वय अवघं सत्तेचाळीस.

त्यांच्या मागे राहिलेल्या गोष्टींत एक पुस्तक आहे, आणि ‘कुंकू’इतकंच ते महत्त्वाचं आहे. उपोषणाच्या दुसऱ्याच वर्षी, १९४० मध्ये, ते प्रसिद्ध झालं. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. नटीचं पुस्तक म्हटल्यावर आठवणी, किस्से, नायकांची वर्णनं यांची अपेक्षा असते. इथे तसं काही नाही. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींच्या मनातला प्रश्न घेऊन शांताबाई त्या धंद्याची चिरफाड करतात. हा एक उद्योग आहे, त्यात भांडवल घालणारा आहे आणि श्रम विकणारा आहे, अशी त्यांची मांडणी. प्रसिद्धी नटीची आणि नफा मालकाचा, हा हिशेब त्या उघड करतात. नटीचं शरीर हेच तिचं भांडवल, आणि दिव्यांच्या उष्णतेत, जागरणांत, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या दृश्यांत ते झिजतं, याबद्दल त्या बोलतात. मजुरांच्या चळवळी गिरण्यांत जोरात असताना स्टुडिओतल्या माणसाला, त्यातही नटीला, कामगार म्हणणं हे १९४० साली कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी ते छापून काढलं, तेही मराठीत.

मराठीत चित्रपटांवरच्या आत्मपर लेखनाची मोठी परंपरा पुढे झाली. दुर्गाबाईंचं ‘मी दुर्गा खोटे’ आहे, शांतारामांचं ‘शांतारामा’ आहे, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आहे. वाचनालयांच्या कपाटांत ती सगळी सापडतात. ‘जाऊ मी सिनेमात?’ मात्र आपण विसरून गेलो. त्याच्याकडे लक्ष वेधलं ते अलीकडे चित्रपटांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी. देबश्री मुखर्जी यांच्या ‘बॉम्बे हसल’ या २०२० मधल्या इंग्रजी ग्रंथात मुंबईच्या चित्रपटधंद्यातल्या श्रमांचा इतिहास आहे, आणि त्यात नटांच्या थकव्याचा विचार करताना शांताबाईंचं उपोषण आणि हे मराठी पुस्तक यांची सविस्तर चर्चा येते. दुधनीच्या शांताबाईंचा युक्तिवाद आता न्यूयॉर्कच्या विद्यापीठातल्या मुलांना शिकवता येतो. मूळ मराठी पुस्तकाची नवी आवृत्ती पुण्यातल्या एखाद्या प्रकाशकानं काढायला काहीच हरकत नाही.